विजेपासून बचाव

आमच्या ताडकळसचा वायरमन काम नसलं की माझ्या पिठाच्या गिरणीत बसून मोबाइलवर लढाईचा खेळ खेळतो. त्यातल्या योद्ध्याची कोणती वस्तू काय वाढवते आणि काय घटवते, हे त्याला तोंडपाठ आहे. सांगतो मात्र शेंबड्या पोराला समजावल्यासारखं.

“मालक, हे हातमोजे बगा. विजेपासून बचाव चाळीसनं वाढायलाय, पर तलवारीचा वेग दहानं कमी.”

“मग काढून टाका की.”

“येड लागलंय का? ईज पडली की एका फटक्यात मरतंय ते!”

परवा बाजाराच्या दिवशी खांबावरची माझ्या गिरणीची तार सुटली. दळणाची रांग दारापर्यंत गेलेली. लाइन बंद करून घ्यायला वेळ लागतो, म्हणून हा चालू लाइनवरच निघाला. मोबाइल माझ्या हातात दिला आणि उघड्या हातांनी खांब चढू लागला. रबरी मोजे गाडीच्या डिकीतच.

“अहो, मोजे?”

“लय जाड हायत, हात चालत न्हाई. तुमी तेवढं त्याला मरू देऊ नका.”

योद्धा मोजे घालून माझ्या तळहातावर उभा होता. मी वर बघून ओरडलो, “आटपा लवकर, लोकं थांबलेत!”