लच्छूभाऊचं जाळं

अहेरीकडच्या लच्छूभाऊ ढिवरामुळे मी त्या नाल्यातून सुटलो. आज मनालीत, घरापासून इतक्या दूर, बर्फासाठी खोल खाचांचे टायर निवडताना नव्या रबराचा वास आला आणि तो नाला आठवला. तेव्हा शाळा सोडून नुकताच जीपवर ड्रायव्हर म्हणून लागलो होतो. गुळगुळीत चाकं चिखलात रुतलेली, मागच्या सीटवर तापलेलं लेकरू घेऊन त्याची माय, आणि पाणी चढत होतं.

"हा टायर हाय का माह्यं टक्कल?" काठावरून लच्छूभाऊ हसला. उतरून त्यानं खांद्यावरचं मासे धरायचं जाळं पिळलं आणि चाकांना गुंडाळलं.

"भाऊ, जाळं फाटन ना!"

"फाटू दे बे. गाडी काढ."

जीप निघाली, जाळ्याच्या चिंध्या झाल्या. तेव्हा फक्त सुटलो एवढंच वाटलं. त्याचं पोट त्या जाळ्यावर होतं, हे आता टोचतं. भाऊ, नवं जाळं घेऊन मी येईनच.