केसरच्या पोरीचे डोळे

रामचंद्र माझा सख्खा धाकटा भाऊ. त्याच्याविषयी वाईट बोलताना माझी जीभ अडखळायला हवी, पण नाही अडखळत, काय करू!

श्रीवर्धनात आमच्या वाडीत वाळलेली सुपारी सोलायला बारा बायका यायच्या. त्यात केसरसारखा हात कुणाचा नाही. डोळे घारे, आणि तोंड असं फटकळ की तिच्यापुढे माझंही चालायचं नाही. नवरा काळूराम आमच्या पोफळींवर चढून सुपारी उतरवायचा. नाव काळूराम, पण डोळे तिच्याहून घारे! लोक म्हणायचे, देवाने जोडी शोधून लावलीय. त्यांची मैना सात वर्षांची. तिचे डोळे मात्र जांभळासारखे काळेभोर. कुणाच्या मनातही कधी काही आलं नव्हतं.

अठ्ठावीस सालच्या मे महिन्यात रामचंद्र मुंबईहून आगबोटीने घरी आला. इंटर सायन्सला होता, जीवशास्त्र शिकत होता. बेडूक कसा फाडतात ते ताटावर बसून सांगायचा आणि आईला जेवू द्यायचा नाही. शिवाय एक वही. येईल त्याचे डोळे बघायचे, त्याच्या आईबापाचे विचारायचे आणि वहीत लिहायचं. आईबापाचं पोरात काय उतरतं, त्याचा अभ्यास म्हणे. मीच कौतुकाने त्याला अंगणात नेऊन बायकांत बसवलं. तेवढं पाप माझं.

मैनाची हनुवटी धरून त्याने डोळे बघितले. मग केसरचे, मग झाडांना पाणी लावून आलेल्या काळूरामचे.

"छे! असं होऊच शकत नाही," तो हसत म्हणाला. "दोघं घारे असले की पोर काळ्या डोळ्यांचं होत नाही. शास्त्र आहे."

बायका फिदीफिदी हसल्या. केसरही हसली. "भाऊ, तुमचं शास्त्र माझ्या बाळंतपणाला आलं व्हतं का?"

काळूराम हसला नाही. "भाऊ, हे छापलंय?"

रामचंद्रने पुस्तक आणून पान दाखवलं. काळूरामला अक्षरओळख नव्हती. त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

तिसऱ्या दिवशी केसर पोरीला घेऊन आमच्या पडवीत आली. पाठीवर वळ होते. "भाऊ, उद्या पंच बसतायत. एवढंच सांगा, पुस्तक बी चुकतं. न्हायतर मला घर न्हाय."

मी म्हटलं, "सांग रे मेल्या, तुझ्या बापाचं काय जातंय?"

"अक्का, पुस्तक चुकत नाही. मी खोटं कसं सांगू?"

आणि गेला ना पंचांपुढे! इस्त्रीचा कोट घालून गेला. आधी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत समजावून सांगितलं. पंचांनी माना डोलावल्या.

काळूरामने तिला नेसत्या लुगड्यानिशी बाहेर काढलं. माहेरच्यांनी दार लावून घेतलं. पोरीला घेऊन ती उरणच्या मिठागरांवर मीठ वाहायला गेली. काळूरामने वर्षाच्या आत दुसरी केली.

रामचंद्र पास झाला, मास्तर झाला. आम्हा भावंडांचे डोळे घारे, त्याने बायकोही घारीगोरी शोधली. छत्तीस साली मुलगा झाला. डोळे काळे कुळकुळीत!

शेजारी कुजबुजायला लागले. भावजय रडून रडून अर्धी झाली. आणि आमचा पंडित? त्याने मुंबईहून जाडजाड पुस्तकं मागवली आणि आठ दिवसांत ओळ शोधून काढली: नियम इतका सरळ नाही, क्वचित असंही होतं. ती ओळ घरभर वाचून दाखवली, बायकोचे डोळे पुसले, बारशाला गावाला पेढे वाटले.

मी म्हटलं, "चल उरणला. हीच ओळ केसरला वाचून दाखव."

"अक्का, आता काय उपयोग? उगाच जुनी मढी कशाला उकरायची?"

थू तुझ्या शिक्षणावर! मी एकटी गेले, पुस्तक घेऊन.

मिठाच्या लखलखाटाने केसरचे ते घारे डोळे लाल होऊन कायम पाझरत होते. तिने मला आवाजावरून ओळखलं. मैना पंधराची झाली होती. बापाने टाकलेली म्हणून दोन स्थळं परत गेली होती. मी सगळं सांगितलं. केसरने पुस्तकाला हात लावला नाही.

"भावजयीला ठेवली ना घरात?"

"ठेवली."

"किती दिवसांत गावली म्हणालात ती ओळ?"

"आठ दिवसांत."

"आठ दिस," केसर म्हणाली. मग मिठाची टोपली डोक्यावर द्यायला तिने मैनाला हाक मारली.