व्याह्यांचा नाताळ

सगळ्या राजस्थानात मिळून जेवढी काळजी होत असेल, तिच्यातली निम्मी आमचे व्याही एकटे करतात. उरलेली निम्मी लोकांनी नीट केली का नाही, ही काळजीपण त्यांचीच. माणूस बँकेतनं रिटायर झालेला, अंगानं किरकोळ, कानाला उन्हाळा सोडला तर कायम मफलर. मूळचे मिरजेकडचे, पण बदलीवर जयपूरला आले आणि शास्त्रीनगरात घर घेऊन इथलेच झाले. पुढं माझ्या मुलाची विमा कंपनीतली बदलीही इथंच झाली. त्यांच्या मुलीला, म्हणजे आमच्या सूनबाईला, माहेर जवळ आलं आणि व्याह्यांना काळजी करायला एक घर वाढलं. ह्या पावसाळ्यात माझी घरची गेली. तिला नगरकडच्या आमच्या गावात माती दिली, आणि मुलानं मला उचलून जवाहरनगरला आणलं. व्याह्यांना माझ्या रूपानं आयतं गिऱ्हाईक मिळालं. मी खोकलो तर औषध, नाही खोकलो तर का खोकत नाही म्हणून फोन.

दसऱ्याचा रावण जळून खाली पडायच्या आत ह्यांची नाताळची काळजी सुरू होते. केकचे मनुके भिजले का, चांदणीची वायर उंदरानं खाल्ली का, देवळात, म्हणजे चर्चमध्ये, बसायला जागा मिळेल का. अंड्याच्या केकवर तर त्यांनी आयुष्य झिजवलंय. सूनबाईच्या शेजारी एक जैन बाई राहतात, त्यांच्यासाठी बिनअंड्याचा केक वेगळा होतो. वेगळा डबा, वेगळा चमचा, आणि त्या पिठाशेजारी खुर्ची टाकून व्याही राखणीला. यंदा केक झाल्यावर त्यांच्या मनात आलं, की ह्याच ओव्हनमध्ये मागल्या वर्षी अंड्याचा भाजला होता, त्याची वाफ कुठं चिकटून बसली असली तर? केक घेऊन गेले आणि दारातच त्या बाईंना सगळी शंका सांगून मोकळे झाले. बाई म्हणाल्या, "अंकलजी, केक तो हम खा लेते, पर आपने इतना डरा दिया कि अब बिस्कुट ही ले आइए." हे खरंच बिस्किटं घेऊन गेले. पुडा दोनदा वाचून.

चांदणीचं तेच. इथं पोरं संक्रांतीच्या आधीपासनं छतावर पतंग उडवायला लागतात. कुणाचा मांजा आपल्या चांदणीला कापून नेईल म्हणून हे हातात काठी घेऊन छतावर उभे. समोरच्या पोराला सांगतायत, "बेटा, पतंग ज़रा उधर उड़ाओ." पोरगं म्हणालं, "अंकल, हवा से बोलो." तेव्हा हे खाली येऊन सूनबाईला विचारतात, आज वारा कुठनं आहे गं?

मी फार शिकलेला नाही. साखर कारखान्यात फिटर होतो, शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायला शिकलो ते बायकोच्या बोटामागं बोट फिरवून. पण जेवढं वाचलं त्यात काळजी करू नये असं स्वच्छ लिहिलंय. तसं मी त्यांना तोंडावर म्हणलं. ते म्हणाले, "लिहिलंय ना. तरी माझ्याकडून होते, मतलब, त्याचीच तर जास्त काळजी वाटते." विहीणबाई आतनं बोलल्या, "ह्यांना काळजी नसली ना, की ह्यांचं पोट दुखतं."

मला हसू आलं नाही. त्या दिवसांत मला कशानंच येत नव्हतं. घरात सगळे पाय न वाजवता चालायचे. लावलेली चांदणी पेटवायची का नाही, करंज्या करायच्या का विकत आणायच्या, सूनबाई आणि मुलगा स्वयंपाकघरात कुजबुजायचे आणि मी गेलो की भांडी वाजवायचे. सूनबाई बिचारी ऑफिस सांभाळून रात्रंदिवस राबत होती, नातीच्या शाळेचा कार्यक्रम, पाहुणे, केक, आणि त्यात हा तोंड पाडून बसलेला म्हातारा. खरं सांगायचं तर बायको गेल्यापासनं मी देवाशी एक शब्द बोललो नव्हतो. जेवणाआधी सगळे डोळे मिटायचे, मी भाजीकडं बघत बसायचो. ही नक्की कुठं आहे, आहे का नाही, हे मला कळंना. आधी कळत होतं. मातीपाशी पाळकसाहेब बोलले तेव्हापण कळत होतं. नंतर नंतर सुटत गेलं, आणि नाताळ जवळ यायला लागला. सगळं जग गाणार, आणि मी काय करू?

आमच्या गावाकडं एक पद्धत आहे. नाताळच्या आधी गाणारी मंडळी घरोघर निघतात, ती पहिली जातात वर्षात मयत झालेल्या घरी. ढोलकी नाही, टाळ नाही, नुसत्या गळ्यानं एक गाणं, एक प्रार्थना, मग बाकीचं गाव. ही स्वतः पुढं असायची. कितीतरी घरांत तिनं तसं पहिलं गाणं उचललंय. आता मयताचं घर आपलं होतं. मी मनात धरलं, मंडळी आली तर नाताळच्या सकाळी देवळात जाईन, नाही आली तर नाही. देवाला अट घालू नये एवढं मला कळतं. घातली. आणि कुणाला बोललो नाही.

जयपुरातली मंडळी म्हणजे मूठभर. दोन-चार मराठी ख्रिस्ती कुटुंबं, कंपनीत कामाला असलेली पुण्या-नाशिकची पोरं, आणि एका सरकारी साहेबांच्या बायको. त्या हिंदू, पण पेटी त्यांच्याशिवाय कुणाला येत नाही. म्होरके अर्थातच आमचे व्याही. नाताळच्या आदल्या दिवशी मंडळी निघायची होती, त्या संध्याकाळी मी आंघोळ केली, पांढरा शर्ट घातला आणि खिडकीशी बसलो. अंधार पडला. गाडी थांबल्याचा आवाज आला की उठायचो, परत बसायचो. मग मागच्या गल्लीतनं ढोलकी ऐकू आली. बराच वेळ वाजली, थांबली, आणि पुढं कुठंतरी लांब निघाली. मला वाटलं, झालं. माणसं विसरली, म्हणजे वरच्यानंही सोडलं. चपला घातल्या आणि तसाच रस्त्यावर गेलो.

कोपऱ्यावर गाठलं त्यांना. "आमचं घर कुठं गेलं?" मी विचारलं.

व्याह्यांची टॉर्च थेट माझ्या तोंडावर. "व्याहीबुवा, तुम्ही? स्वेटर कुठाय?"

"स्वेटर मरू द्या. आमचं दार सोडून पुढं गेलात कसे?"

"अहो, दुःखाचं घर. आमच्याकडं वर्ष होईपर्यंत तिथं गात नाहीत. तुम्हाला त्रास नको म्हणून मी तुमच्या गल्लीतनं गाड्यासुद्धा येऊ दिल्या नाहीत."

"आमच्याकडं पहिलं घर तेच असतं, आणि तिथं ढोलकी-पेटी नाही, नुसत्या गळ्यानं गातात. मी कधीचा शर्ट घालून बसलोय."

व्याह्यांचं तोंड असं उतरलं, की मलाच वाईट वाटलं. एक पोरगा म्हणाला, "काका, मग आत्ता जाऊ की." व्याही म्हणाले, "आत्ता कसं जाणार? दोन घरं झाली आपली. ह्यांचं पहिलं पाहिजे." मग मफलर ओढून म्हणाले, "झालेली घरं धरायची नाहीत." आणि खरंच खिशातनं फोन काढून त्या दोन्ही घरी कळवलं, "मघाचं गाणं धरू नका, आम्ही परत येतो. चहा धरा, चहा झालाय." त्या पोरानं विचारलं, "आणि करंज्या?" "त्यांचं नंतर बघू." मग सगळ्यांना गाड्यांत बसवलं, ढोलकी आणि पेटी डिकीत बंद केली, गाड्या मोठ्या रस्त्यापर्यंत मागं नेल्या, आणि आज अजून कुणी काही गायलंच नाही अशा चेहऱ्यानं सगळी वरात नव्यानं माझ्या दारात आली.

त्या पेटीवाल्या बाईंनी खालच्या आवाजात सुरुवात केली. बाकीचे मिळाले. व्याह्यांच्या घराण्यात सूर कधी आलेला नाही, तरी ते सगळ्यांत मोठ्यानं गात होते. मफलर काढून हातात धरला होता, त्यांचे कान मी पहिल्यांदा बघितले. सूनबाई दाराला टेकून रडत होती. मुलगा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मग व्याह्यांनी प्रार्थना केली. त्यांची प्रार्थना म्हणजे काळज्याच, फक्त डोळे मिटून. धुक्यातनं घरी जाणारी पोरं, सूनबाईचं ऑफिस, नातीचा घसा, माझे गुडघे, गॅसची नळी. सगळ्यांची नावं आली, एक माझ्या बायकोचं सोडून.

मला राहवलं नाही. मंडळी चहा घेत होती तेव्हा त्यांना बाजूला घेतलं. म्हणलं, "तुम्ही गॅसच्या नळीची काळजी करता, आणि हिची एका शब्दानं नाही केली?"

ते माझ्याकडं बघत राहिले. मी काहीतरी अवघड हिशोब विचारला असं. म्हणाले, "विहीणबाईंची? त्यांची कसली काळजी? त्या देवापाशी आहेत. मी इथं राहिलेल्यांची करतो."

"म्हणजे इथं राहिलेल्यांकडं देव बघत नाही होय?"

"बघतो की. पण इथं कामं फार आहेत हो, हाताखाली माणूस लागतंच." आणि लगेच, "तुम्ही स्वेटर घाला बघू आधी."

एवढंच. पाळकसाहेबांनी मातीपाशी ह्यापेक्षा पुष्कळ चांगलं सांगितलं होतं. पण ज्या माणसाला बिस्किटाच्या पुड्याचा भरवसा नाही, त्याला तिच्याबद्दल रतीभर शंका नव्हती. मी त्यांचं तोंड नीट निरखून बघितलं. मला बरं वाटावं म्हणून म्हणत असते तर कळलं असतं, त्यांना लपवता येत नाही.

मंडळी राहिलेल्या घरी गेली. मी खिडकीशी बसून डोळे मिटले. किती दिवसांनी, काय बोलावं सुचंना. शेवटी म्हणलं, बाबा, त्या माणसाला आज जरा शांत झोप लागू दे. तिच्याबद्दल काही मागितलं नाही. तिचं तिकडं बरं चाललंय असं धरून चाललोय. आठवण तेवढी फार येते, ती येणारच. सूनबाईला हाक मारली आणि म्हणलं, सकाळी देवळात जायला माझं धोतर काढून ठेव.