तोपग्यालच्या पायातला मोजा

आमच्या टोरंटोच्या इमारतीत यांगझोमइतकी शिस्तीची बाई दुसरी नाही. माझ्यासारखी वाचाळ शेजारीण तिच्या वाट्याला यावी, हे तिचं मागच्या कुठल्यातरी जन्माचं पाप. पंचवीस वर्षं ती वृद्धाश्रमात गोऱ्या म्हाताऱ्यांची सेवा करते. सकाळचं पहिलं काम, सगळ्यांचे गार पाय चोळून मोजे चढवायचे. मी म्हणायची, "एवढे लाड तोपग्यालचे केलेस तर नवरा फुगून दारात मावायचा नाही!"

"आचा, तोंड आवर." मी दोन वर्षांनी मोठी, म्हणून आचा, म्हणजे ताई; नाहीतर काय म्हणाली असती कोण जाणे.

जानेवारीत भर दुपारी तोपग्याल घरातच वारला. लामा येईपर्यंत देहाला हात लावायचा नाही, आणि लावलाच तर आधी टाळूला, हे आम्हा तिबेट्यांच्या पोराटोरांनाही ठाऊक. पहिला हात लागेल तिथून जीव निघतो: टाळूतून निघाला तर वर, चांगल्या जन्मात; पायातून निघाला तर खाली, नरकात. त्या खोलीत रडायचंही नाही, जाणारा घुटमळतो.

मी लगेच धावत गेले. यांगझोम रडली नाही, बाहेर जाऊन लामांना फोन करून आली. पण पांघरुणाबाहेर आलेलं उघडं पाऊल दिसलं आणि तिचा हात आपोआप पुढे गेला. मोजा घोट्यापर्यंत चढला, तेव्हा ती भानावर आली.

तेव्हापासून तिचं अन्न तुटलं. मुलगी सेलडोन समुपदेशक, दिवसाला दहा जणांची मनं हलकी करते. म्हणाली, "आमा, स्वतःला माफ कर."

"मी मला माफ करून काय होणार? जीव त्याचा होता."

लामा म्हणाले, हेतू शुद्ध होता. "ते सगळ्यांनाच तसं म्हणतात," यांगझोम मला म्हणाली.

चाळिसाव्या दिवशी मी तिला माझ्या स्वयंपाकघरात बसवलं, लोण्याचा चहा दिला आणि ठोकून दिलं, "तू लामांना फोन करायला बाहेर गेलीस ना, तेव्हाच मी त्याच्या टाळूला हात लावला होता. तुझ्या आधी."

"शपथ?"

"त्रिरत्नांची!"

तिनं पेला खाली ठेवला. "आणि चाळीस दिवस हे तुझ्या पोटात राहिलं? तुझ्या?"

मी चहा ढवळत बसले.

एकोणपन्नासावा दिवस आला. त्यानंतर जिवाचा पुढचा जन्म ठरलेला असतो. तिनं दोन दिवे लावले.

"दुसरा कुणाचा गं?"

"तुझा. खोटी शपथ घेतलीस ना, आचा. तुलाही आता खालीच जावं लागेल."

"बरंच झालं, तोपग्यालला सोबत होईल," अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.