बाबांची थ्री-टन

माझे सासरे लष्करात ट्रकवर, त्यांच्या भाषेत थ्री-टनवर, होते, हे मला लग्नाआधीच कळलं होतं. बघण्याच्या कार्यक्रमात मुलाचं शिक्षण, नोकरी, पत्रिका वगैरे दहा मिनिटांत उरकलं आणि पुढचा पाऊण तास आम्ही सगळे पोह्याच्या बश्या हातात धरून एका बर्फाळ घाटातून खाली उतरत होतो. गाडीचा ब्रेक तापला होता, एका बाजूला दरी होती आणि माझे वडील, ज्यांना स्कूटरही धड चालवता येत नसे, ते मान हलवत होते. त्या घाटातून मी पुढे तीस वर्षं उतरले. दिवाळीत, बारशाला, पाहुणे आले की. दर खेपेला दरी थोडी खोल व्हायची.

बाबांना एक्याऐंशी लागलं तेव्हा घरात सहस्रचंद्रदर्शनाची बोलणी सुरू झाली. भिवंडीत आमच्यासारखी चार पिढ्यांपासून कारकुनी आणि मास्तरकी करत आलेली घरं अशा बाबतीत फार कल्पक नसतात. नणंदेनं चांदीचं निरांजन सुचवलं. दिरांनी शाल सुचवली, जी बाबांना याआधी चार वेळा मिळाली होती. मी म्हटलं, मी त्यांचा ट्रक करते. सगळ्यांना वाटलं मी केकबद्दल बोलतेय.

मी शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि घरात बसून मी लोकांच्या चुका काढू लागले होते, असं नवऱ्याचं म्हणणं होतं. तेव्हा मी काहीतरी करावं, मग तो ट्रक का असेना, याला त्याचा पूर्ण पाठिंबा होता. माझं खरं कारण वेगळं होतं. ज्या गाडीनं माझ्या संसाराची तीस वर्षं खाल्ली ती एकदा समोर ठेवून नीट बघावी, असं मला फार दिवसांपासून वाटत होतं.

प्रमाण ठरवलं सोळास एक. तीन दशकं मी मुलांना गुणोत्तर आणि प्रमाण शिकवलं आणि 'बाई, याचा उपयोग काय' असं विचारणाऱ्या प्रत्येकाला काहीबाही थाप मारली. आता साठीत मला उपयोग सापडला होता. तयार सुट्या भागांची पेटी परदेशी ट्रकांची मिळत होती, आपल्या लष्कराच्या त्या जुन्या ट्रकची नाही. मग सगळं हातानंच करायचं ठरलं. सांगाड्याला प्लास्टिकचे पातळ पत्रे, चाकांना नळवाल्याकडची रबरी वायसरं एकावर एक चिकटवून. ताडपत्रीसाठी कामतघरच्या एका लूमवरून कोऱ्या कापडाचा वीतभर तुकडा आणला आणि चहाच्या पाण्यात उकळला. लूमवाल्यानं विचारलं, वीतभर कापडाचं काय शिवणार. मी ट्रकचं छप्पर म्हटल्यावर त्यानं पैसे घेतले नाहीत, बहुधा दयेपोटी.

इंटरनेटवर असे मॉडेल करणाऱ्यांचा एक ग्रुप होता, त्यात शिरले. त्यातले सगळे पुरुष होते आणि सगळे हिरव्या रंगावरून भांडत होते. एक म्हणे हिरव्यात काळा जास्त हवा, दुसरा म्हणे पिवळा. माझी एवढी वर्षं स्टाफरूममध्ये गेली, तरी इतकं मन लावून भांडणारी माणसं मी पाहिली नव्हती. ते मला 'सर' म्हणत. मीही दुरुस्त केलं नाही.

आता घरातच जाणकार माणूस असताना ग्रुपला कशाला विचारायचं, म्हणून मी वही घेऊन बाबांसमोर बसले. भेट कसली देणार हे त्यांना माहीत झालंच होतं, आमच्या घरात गुपित दुपारपर्यंतही टिकत नाही. हँडब्रेक कुठे असायचा, असं विचारलं तर म्हणाले हाताजवळ. गिअर किती होते? लागतील तेवढे. समोरच्या पट्टीवर काटे किती आणि कुठे? यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ही लष्करी माहिती आहे, बाहेर सांगता येत नाही, असं गंभीरपणे सांगितलं. पन्नास वर्षांपूर्वी भंगारात गेलेल्या ट्रकचं गुपित शत्रूच्या हाती लागू नये म्हणून ते सुनेपासून जपत होते. मी वही मिटली. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या की हल्ली त्यांना स्वतःचा चष्मा कुठे ठेवलाय ते आठवत नाही, गिअर कुठले आठवणार.

निदान ट्रकची खालची बाजू तरी समजून घ्यावी म्हणून मी एका सकाळी रिक्षा करून काल्हेरला गेले. तिथे गोदामांच्या बाहेर ट्रकांच्या रांगा लागलेल्या असतात. एका उभ्या ट्रकखाली मी चटई टाकून आडवी झाले आणि टेपनं स्प्रिंगच्या पाट्यांची जाडी मोजू लागले. थोड्या वेळानं दोन पाय दिसले, मग वाकलेला एक दाढीवाला चेहरा. तो ड्रायव्हर होता. त्यानं अतिशय आदरानं विचारलं, "मॅडम, आरटीओ से हो क्या?"

मी नाही म्हटल्यावर त्याला हायसं वाटलं आणि मग त्यानं स्वतः माझ्या शेजारी आडवं होऊन मला सगळं दाखवलं. मागचा कणा कुठे, इंजिनापासून दांडा कसा येतो, पाटे तुटतात कुठे. वर्गातल्या कुठल्याही विद्यार्थ्यानं इतक्या आनंदानं मला काही समजावलं नव्हतं. मला लष्करी ट्रक करायचाय हे कळल्यावर तो म्हणाला, मागच्या गोदामाच्या आवारात डिस्पोजलची एक जुनी फौजी गाडी पडून आहे. लिलावात कुणी तरी घेतली होती, क्रेन करायचा विचार होता, तो विचारही गंजला.

गाडी बघून आले. रंग उडालेला, काचा नाहीत, पण बाकी सगळी शाबूत. मोजमापं घेता आली असती, पण माझ्या डोक्यात आलं की बाबांनाच इथे आणावं. प्रत्यक्ष बघितलं की आठवेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं रिक्षातून निघालो. धामणकर नाक्यावर अर्धा तास अडकलो, तेवढ्या वेळात बाबा एकदाही घाटातून उतरले नाहीत. याचं मला तेव्हाच आश्चर्य वाटायला हवं होतं. गोदामाच्या आवारात शिरलो, वॉचमनला सांगितलं, आणि बाबांना ती गाडी दिसली. ते जागच्या जागी थांबले. मी पुढे जाऊन ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून धरलं. म्हटलं, चढा, मी फोटो काढते.

बाबा आले, दारातून आत डोकावले, आणि एखाद्या परक्याच्या स्वयंपाकघरात डोकावावं तसे बघत राहिले. मग वळले आणि गाडीच्या मागे गेले. मी धावतच गेले, कारण तिथे सगळे दगडगोटे होते. तर त्यांनी काठी चाकाला टेकवून ठेवली होती, दोन्ही हात फाळक्याच्या दोन कड्यांवर होते. फाळका म्हणजे ट्रकची मागची झडप. त्यांनी कड्या न बघता एका झटक्यात काढल्या, फाळका आपटू नये म्हणून गुडघा पुढे केला आणि तो सावकाश खाली घेतला. घरी साधा डबा उघडायला ते मला हाक मारतात.

"पुढे काय बघतेस," ते म्हणाले. "मी इथे बसायचो."

मला वाटलं, म्हातारपणानं गोंधळ झाला. पण त्यांनी हातानं जागा दाखवायला सुरुवात केली. इकडे पिठाची पोती. इथे कांदा, कारण कांद्याला वारा लागतो. मध्ये स्वयंपाकाच्या मोठाल्या देगा, एकात एक घातलेल्या, मधे गोणपाट, नाहीतर रात्रभर आवाज करतात. या कोपऱ्यात बर्नर. आणि इथे फाळक्याला पाठ न लावता, बाहेर तोंड करून ते स्वतः. ते लंगरमध्ये होते. फौजेत स्वयंपाकघराला लंगर म्हणतात. माझे सासरे आचारी होते.

मग एकदम माझ्या लक्षात आलं, की त्या सगळ्या गोष्टींत रस्ता नेहमी लांब जायचा. दरी मागे पडायची, वळण मागे पडायचं, मागून येणाऱ्या गाडीचे दिवे दिसायचे. समोरून कधी काही आलंच नव्हतं. तीस वर्षं ऐकून गणिताच्या बाईंना हे कळलं नव्हतं.

फाळक्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. मॅट्रिकला दोनदा आपटल्यावर ते घरातून न सांगता भरतीला गेले. तिथे त्यांना हातात सुरी देऊन कांद्यांसमोर बसवलं. घरी पत्र लिहिताना हे कसं लिहावं कळेना. आमच्या घरात पुरुषानं चूल पेटवणं म्हणजे बायको वारल्याची खूण. शेवटी त्यांनी लिहिलं की मी गाडीवर असतो. ते खोटं नव्हतं. पुढे त्यांच्या आईनं स्थळं बघताना तेच वाक्य सगळीकडे सांगितलं, ऐकणाऱ्यांनी स्टिअरिंग आपल्या पदरचं जोडलं. बाबा म्हणाले की मी स्वतः कधीच 'चालवली' असं म्हटलेलं नाही, आठवून बघ. मी आठवून बघितलं. खरंच म्हटलं नव्हतं. नेहमी 'आमची गाडी' आणि 'आम्ही उतरलो'. फौजेतून आल्यावर नगरपालिकेत केलेली एवढ्या वर्षांची कारकुनी फुकट गेली नव्हती.

हे घरी कुणाला सांगू नकोस, विशेषतः हिला, असं त्यांनी मला बजावलं. मी शपथ घेतली. परत येताना रिक्षात ते काठीच्या मुठीवरून बोट गोल फिरवत होते. मग म्हणाले, "पण देगा नीट कर. बुडाला गोल, वर कड."

पुढचा दीड महिना बाबा रोज माझ्या टेबलाशी खुर्ची टाकून बसत. गाडीचा पुढचा भाग मी तीन दिवसांत संपवला, त्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मागच्या भागाला मात्र परीक्षक होता. तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून मी पहिली देग केली, ती त्यांनी बोटाच्या पेरावर ठेवून बघितली आणि ही पातेली आहे म्हणून परत दिली. दुसरीची कड जाड होती. चौथी पास झाली. झारा, कणीक मळायची परात, लाटणी, सगळं सोळास एक. पिठाची पोती मी गाठ मारून बांधली तर ती गाठ बायकांची आहे म्हणाले आणि चिमट्यानं स्वतः बांधून दाखवली. कांदे मोहरीचे केले. मोहरी फार एकसारखी दिसते, अशी तक्रार आली, म्हणून मी मोहरी निवडत बसले. आईंनी दारातून बघितलं आणि माझ्या नवऱ्याला सांगितलं की आता दोघांनाही डॉक्टरांना दाखवून आणायला हवं.

एवढं सगळं झाल्यावर ते ताडपत्रीखाली झाकून टाकायचं होतं. गुपित होतं ना. मी विचारलं, ताडपत्री चिकटवून टाकू का. बाबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, नको, सुटीच राहू दे, हवा लागते.

कार्यक्रमाला शंभरेक माणसं आली होती. एक्याऐंशी दिव्यांचं ओवाळणं झालं आणि बाबांच्या शेजारच्या टेबलावर ट्रक ठेवला. लोकांनी वाकून वाकून बघितला. बाबांच्या एका चुलतभावांनी, जे स्वतः पंच्याऐंशीचे, हँडब्रेक चुकीच्या बाजूला असल्याचं मला सांगितलं. मग त्यांनीच सहज ताडपत्री उचलली. आत बघितलं, चष्मा वर केला, परत बघितलं. म्हणाले, हा मिलिटरीचा ट्रक आहे की केटररचा.

लोक हसले. मी पटकन ताडपत्री खाली ओढणार होते, पण बाबांनी माझा हात धरला.

"ती माझी भांडी आहेत," ते म्हणाले. "मी दोनशे माणसांचा स्वयंपाक करायचो. गाडी दुसरा चालवायचा."

चुलतभावांनी ताडपत्री हळूच होती तशी ठेवली. नणंद माझ्याकडे बघू लागली, जणू मीच वडिलांना आचारी केलं होतं. मी आईंकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर लाज वगैरे काही दिसत नव्हती. त्या हिशेब मांडत असल्यासारख्या शांत होत्या.

घरी आल्यावर त्यांनी शालू बदलला, बाबांसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि फक्त एवढंच विचारलं, "दोनशे माणसांचा?"

बाबा म्हणाले, कधी कधी अडीचशे.

आचारी असण्याचं आईंना काही वाटलं नव्हतं. त्यांना जे वाटलं ते दोन दिवसांच्या अबोल्यानंतर बाहेर आलं. त्या बाळंत होत्या तेव्हा, त्यांना टायफॉइड झाला तेव्हा, त्यांची आई गेली आणि त्या तेरा दिवस माहेरी होत्या तेव्हा, हा माणूस वाटीभर भातासाठी शेजारणीकडे गेला होता. आमटीत मीठ कमी आहे हे मात्र जवळजवळ साठ वर्षं रोज सांगत होता. त्यांनी ते सगळं एका दमात, आवाज न चढवता सांगितलं. मी आणि नवरा स्वयंपाकघरात उभे होतो, पण बाहेर जायची हिंमत दोघांनाही झाली नाही. उद्यापासून सकाळचा चहा तुमच्याकडे, असं बाबांना सांगून आई झोपायला गेल्या.

सकाळी उठले तर ओट्यावर सर्वांत मोठं पातेलं चढलेलं होतं आणि बाबा ओगराळ्यानं चहा ढवळत होते. लंगरचा चहा तसाच करतात म्हणे, सगळं एकदम घालून, रंग विटेसारखा येईपर्यंत. चौघांसाठी त्यांनी बावीस कप केला होता. कमी माणसांचं प्रमाण त्यांना येत नव्हतं, शिकवलंच नव्हतं कुणी. मी कागदावर त्रैराशिक मांडून दिलं, ते त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं आणि पुढेही आठवडाभर बावीस कपच केला. उरलेला चहा खालच्या रिक्षास्टँडवर जाऊ लागला.

त्या रविवारी त्यांनी पुरीभाजी करायला घेतली. बटाटे मी चिरले, पण कणकेला त्यांनी मला हात लावू दिला नाही. पुऱ्या टम्म फुगत होत्या. मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना ताटं गेली, तरी परात अर्धी भरलेली. आई टेबलाशी बसून जेवत होत्या. दोन पुऱ्या झाल्यावर बाबा झारा हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिले, काही तरी म्हणतील म्हणून. आईंनी तिसरी पुरी वाढून घेतली आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणाल्या.