चिठ्ठीखालचा नियम

"चिठ्ठी उचलून बघितली का?" कुठलाही नियम विचारा, आमच्या भाऊसाहेबांचा हा उलटा प्रश्न ठरलेला. मग डाव्या करंगळीचं वाढवलेलं नख पानात घालून ते स्वतःच चिठ्ठी उचलायचे.

सरकारी कचेरीत तुम्ही कधी टेबल सांभाळलं असेल, तर हे तुम्हाला सांगायला नको. नियम बदलला की वरून दुरुस्ती येते. ती कापून नियमांच्या पुस्तकात जुन्या मजकुरावर चिकटवायची. आम्ही बाकीचे थापून मोकळे व्हायचो. भाऊसाहेब मात्र फक्त डावी कड चिकटवायचे, खालचा जुना नियम वाचता यावा म्हणून. खळसुद्धा घरची, मैद्याची, मोरचूद घातलेली. बाजारच्या डिंकाला म्हणे झुरळं लागतात!

"ज्याचं जे झालं, ते त्या दिवशीच्या नियमानं बघायचं," ते म्हणायचे.

खातेवाटपाची बातमी आली की जिल्ह्याच्या वाट्याला काय आलं यावर आम्ही हमरीतुमरीवर यायचो. भाऊसाहेब शिपायाला विचारायचे, "अरे, आपण कुणाकडे गेलो तेवढं सांग. शिक्के करायला टाकायचेत." एकदा खरंच आमचा विषय एका मंत्र्यांच्या विभागातून काढून दुसऱ्यांच्या विभागाला दिला. शिक्के बदलले, दारावरची पाटी बदलली. भाऊसाहेबांनी जुना शिक्का पुसून खणात जपून ठेवला. आम्ही हसलो.

दोन हजारच्या आसपास ते निवृत्त झाले. तरी महिन्यातून एकदा नाशिक रोडहून बसनं यायचे, चिठ्ठ्या लावायचे, चहा पिऊन जायचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे तीन महिने आले नाहीत. नेमका तेव्हाच ऑफिसात कॉम्प्युटर आला, नियमांचं नवं गुळगुळीत पुस्तक आलं, आणि कपाट रिकामं करा, असं साहेब म्हणाले. चिठ्ठ्यांनी फुगलेलं ते पुस्तक मी माझ्या हातानं रद्दीत घातलं. कुणाला विचारलंसुद्धा नाही. मूर्ख कुठला!

पुढच्या महिन्यात भाऊसाहेब आले ते एका बाईंना घेऊन. आमच्या वारलेल्या चौकीदाराची बायको, सिन्नरकडची. नवऱ्याच्या जागी नोकरी मिळावी म्हणून तिनं केलेला अर्ज मीच 'मुदत संपली' असं लिहून परत पाठवला होता.

"चिठ्ठी उचलून बघितली का?" भाऊसाहेबांनी मला विचारलं. "हिचा नवरा गेला तेव्हा अर्जाला पाच वर्षं मुदत होती. ती एका वर्षावर आणली ती नंतर."

ते कपाटाशी गेले. आत प्रिंटरचे कागद. त्यांनी कपाटाचं दार लावलं. मला वाटलं, आता चार माणसांत माझी काढतात. पण ते बाईकडे वळले.

"पुस्तक कुठंतरी ठेवलं गेलंय. सापडेल. काळजी करू नका."

"सापडंल ना, भाऊसाहेब? दोन पोरी हायेत मला. दुसरं काय नाय."

मग वर्षभर आम्ही दोघं त्या जुन्या आदेशाच्या मागे होतो. दुसऱ्या कचेऱ्यांतली पुस्तकं पाहिली. तिथल्या चिठ्ठ्या गच्च चिकटवलेल्या, सोलायला गेलं की खालची अक्षरंही निघायची. मुंबईला पत्रं लिहिली. जुन्या विभागानं कळवलं, विषय आता नव्या विभागाकडे आहे. नव्या विभागानं कळवलं, तेव्हाचं रेकॉर्ड जुन्याकडेच आहे. शेवटी 'कागदपत्रांअभावी' असा शेरा मारून बाईचं प्रकरण निकाली निघालं.

भाऊसाहेब मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं हो. पुढच्या थंडीत ते गेले. त्यांची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

ती बाई आता नाशिक रोडला स्टेशनबाहेर मेथी-कोथिंबीर घेऊन बसते. मी शक्यतो पलीकडच्या बाजूनं जातो, पण कधीतरी गाठतेच.

"सायेब, त्ये पुस्तक सापडलं का वो? भाऊसाहेब म्हनले व्हते, सापडंल."

"बघतोय," मी म्हणतो.