अजून चालू आहे

दादरच्या ऑफिसात माझ्या शेजारी एक वयस्क गृहस्थ बसायचे. सर्व्हरच्या बॅकअपचं काम त्यांच्याकडे होतं. एकदा कमांड दिली की पडदा तासन्‌तास नुसता काळा. म्हणून ते कमांडच्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये एक जादा ओळ घालायचे. मग किती फाइली झाल्या ते पडद्यावर उमटत राहायचं. आम्ही हसायचो. ते म्हणायचे, "काम लांबलं तर चालतं रे, पण माणसाला अंधारात ठेवू नये."

परळला बाबांचं हृदयाचं ऑपरेशन होतं, तेव्हा हे गृहस्थ न बोलावता आले. ऑपरेशन थिएटरचं दार बंद आणि कोणी काही सांगेना. ते आत-बाहेर करणाऱ्या सिस्टरला गाठायचे आणि परत येऊन आईसमोर वाकून हळूच सांगायचे, "वहिनी, भूल दिली." थोड्या वेळाने, "सुरू केलंय." मग नुसतंच, "अजून चालू आहे, सगळं ठीक आहे." दर खेपेला पदर आवळून धरलेली आईची मूठ जराशी सैल व्हायची.

बाबा सुखरूप बाहेर आले. त्या गडबडीत हे गृहस्थ कधी घरी निघून गेले, कळलंच नाही.

पुढे निवृत्त होऊन ते कोकणात गेले. आईला त्यांचं नाव आठवत नाही. पण गणपतीत मोदक वळताना ती हमखास विचारते, "ते आतली खबर आणून देणारे, बरे आहेत ना रे?"